एक वाडा, तीन रात्री, चाव्यांचा जुडगा: छोटा थरारपट कसा रचला

पटकथेचा पहिला खर्डा २२ पानांचा होता आणि वाचनात कुणीही घाबरलं नाही. गोष्ट साधी होती. सुमन एका पतसंस्थेत लेखनिक. कर्जखात्याच्या वहीत तिला खोटी खाती सापडली आहेत. ती वही तिने घरी आणली आहे आणि सकाळी नऊला तपासनीस येणार आहे. रात्री ती जुन्या वाड्यात एकटी आणि वहीसाठी कुणीतरी येतं. खर्ड्यात हे ‘कुणीतरी’ शेवटच्या चार पानांपर्यंत पडद्यावर येतच नव्हतं. त्याआधी खिडक्या आपटत होत्या, भांडी पडत होती, सावल्या हलत होत्या. ऐकणाऱ्यांना घरात माणूस आहे की नाही हेच माहीत नव्हतं, त्यामुळे सुमनची काळजी करायला त्यांच्याकडे कारण नव्हतं.

थरारपटाचा पहिला संकेत इथेच आहे आणि आम्ही तोच चुकवला होता. रहस्य, थरार आणि दचका या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रहस्यात पात्राला ठाऊक असतं ते प्रेक्षकाला ठाऊक नसतं. दचक्यात दोघांनाही काही ठाऊक नसतं. थरारात प्रेक्षकाला ठाऊक असतं आणि पात्राला नसतं. थरारपटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आल्फ्रेड हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला १९६२ साली दिलेल्या मुलाखतीत हे टेबलाखालच्या बॉम्बने समजावलं होतं. दोन माणसं गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का मिळतो. बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलं असेल आणि समोरच्या घड्याळात वेळ दिसत असेल, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा १५ मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात.

मग आम्ही एका मोठ्या कागदावर चार रकाने आखले. पडद्यावर काय दिसतं, प्रेक्षकाला काय ठाऊक, सुमनला काय ठाऊक, घरात शिरणाऱ्याला काय ठाऊक. प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ. पहिला खर्डा या तक्त्यात भरला, तेव्हा दुसरा आणि तिसरा रकाना शेवटपर्यंत सारखाच निघाला. म्हणजे थरार नव्हताच. नव्या खर्ड्यात तिसऱ्या मिनिटाला एक हात परसदाराची कडी आतून हळूच काढून ठेवतो. चेहरा दिसत नाही. सुमन त्याच वेळी माजघरात डबा उघडते आहे. एवढ्या एका शॉटने पुढच्या सहा मिनिटांचं ओझं उचललं. ती दिवा लावते, पाणी पिते, वही चाळते, आणि हे सगळं आता भीतीने पाहिलं जातं. आम्ही ठरवलं की तो कुठे आहे आणि कधी येणार हे प्रेक्षकाला द्यायचं, आणि तो कोण हे राखायचं. पुढे प्रकाश, कॅमेरा, संकलन, आवाज यांचा प्रत्येक निर्णय या तक्त्यावर तपासला.

वहीत नेमकं काय आहे, यावर खूप वेळ जाऊ शकतो. ज्या वस्तूमागे सगळे धावतात ती वस्तू, हाही या प्रकारातला जुना संकेत. हिचकॉक तिला ‘मॅकगफिन’ म्हणायचा आणि तिच्यात काय आहे याला महत्त्व नाही असं सांगायचा. आमचा अनुभव थोडा वेगळा. प्रेक्षकाला तपशील नको असतो, पण एक वाक्य हवं असतं. ‘ह्यातली निम्मी माणसं मेलेली आहेत, त्यांच्या नावावर कर्ज उचललंय’ हे सुमनचं फोनवरचं वाक्य तेवढं ठेवलं. आधी तिथे व्याजदर, तारण, जामीनदार यांच्यावर दीड पान होतं. ते काढल्याने गोष्टीचं काहीच अडलं नाही.

पानं आणि मिनिटं यांचं गणित इथे फसवतं. संवादाच्या पटकथेत साधारण एक पान म्हणजे एक मिनिट. थरारपटात ‘ती जिना चढते’ ही अर्धी ओळ पडद्यावर ४० सेकंद खाते. आमची नवी पटकथा नऊ पानांची होती आणि चित्रपट १४ मिनिटांचा झाला. वेळापत्रक पानांवर बेतलं तर हमखास कोसळतं, शॉटच्या संख्येवर बेतावं.

त्यानंतर पेरणी. शेवटी जे कामाला येणार ते आधी दाखवलेलं असलं पाहिजे, आणि दाखवताना ते दुसऱ्याच कामाच्या आडून दाखवलं पाहिजे. आमच्याकडे तीन वस्तू होत्या. जिन्याची वरून तिसरी पायरी करकरते. पुढच्या दरवाज्याला आडणा आहे, म्हणजे भिंतीतल्या भोकात सरकणारा जाड लाकडी दांडा, आणि तो ओढायला दोन्ही हात लागतात. तिसरी वस्तू चाव्यांचा जुडगा.

पायरी दोनदा पेरली. एकदा सुमन वर जाताना ती करकरते आणि ती लक्षही देत नाही. दुसऱ्यांदा ती पाण्याची कळशी घेऊन उतरताना ती पायरी सवयीने टाळते. एकदाच दाखवलं तर विसरतं, तीनदा दाखवलं तर पुढचं कळतं. आडणा मात्र संवादातून आला. संध्याकाळी नानाकाका डबा घेऊन येतात. ते पतसंस्थेचे जुने सचिव, वडिलांचे स्नेही. निघताना म्हणतात, ‘सुमे, आडणा लावून घे गं. दिवस बरे नाहीत.’ ती म्हणते, ‘लावते हो काका. तुम्ही सावकाश जा.’ ती आडणा लावते तेव्हा तिला तो दोन्ही हातांनी रेटावा लागतो, आणि त्यासाठी काखेतली वही खाली ठेवावी लागते. हा शॉट प्रेमळ निरोपाचा आहे, म्हणून कुणी त्याकडे तांत्रिक माहिती म्हणून पाहत नाही. बाहेरच्या भीतीसाठी लावलेला आडणाच नंतर तिला आत कोंडणार असतो.

मोबाइलचा प्रश्न आजच्या प्रत्येक थरारपटाला पहिल्या काही मिनिटांत सोडवावा लागतो. ‘नेटवर्क नाही’ हे उत्तर इतकं झिजलं आहे की ऐकताच प्रेक्षक लेखकाकडे पाहू लागतो. आम्ही फोन चालू ठेवला आणि तोच धोक्याचा केला. ती अंधारात लपलेली असताना मैत्रिणीचा फोन परत येतो आणि थरथरणारा मोबाइल लाकडी तक्तपोशीवर घुमतो. फोन आहे, बोलता मात्र येत नाही. वीज जाण्याचंही तसंच. योगायोगाने वीज गेली की लेखकाने सोय केली असं वाटतं. म्हणून पहिल्याच मिनिटाला सुमन घड्याळ पाहून कंदिलाची काच पुसते, कारण साडेआठचं लोडशेडिंग रोजचं आहे. संकट वाढवणारा योगायोग प्रेक्षक एखाद्या वेळी खपवून घेतो, संकटातून सोडवणारा कधीच नाही.

सातारा जिल्ह्यातला एक दुमजली वाडा तीन रात्रींसाठी मिळाला. पुढे ओसरी, मग चौक, डावीकडे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसदार, उजव्या भिंतीला लागून वर जाणारा अरुंद जिना. छायाचित्रणाआधी एक दुपार फक्त नकाशा काढण्यात घालवली. कारण थरारात भूगोल कळला नाही तर काहीच उरत नाही. तो परसदारात आहे आणि ती माजघरात आहे, मध्ये किती पावलं आहेत हे प्रेक्षकाला अंगाने ठाऊक हवं. त्यासाठी सुरुवातीला सुमन दिवेलागणीला घरभर फिरते. ४५ सेकंद, चार शॉट, प्रत्येक शॉटमध्ये ती मागच्या खोलीचं दार फ्रेममध्ये ठेवून पुढच्या खोलीत येते. संकलनात हा भाग संथ वाटतो आणि कापायचा मोह होतो. आम्ही एकदा २० सेकंदांवर आणून पाहिला, तर पाहणाऱ्यांनी पुढे ‘आता तो नक्की कुठे आहे?’ असं विचारलं. पुन्हा ४५ केला.

दिशेचा नियम पहिल्याच रात्री मोडला. ठरलं होतं की सुमन नेहमी फ्रेममध्ये डावीकडून उजवीकडे जाईल आणि तो उजवीकडून डावीकडे येईल, म्हणजे दोन शॉट शेजारी ठेवले की ते एकमेकांकडे येताहेत असं वाटेल. जिन्यावर जागा नव्हती, म्हणून कॅमेरा भिंतीच्या दुसऱ्या अंगाला नेला आणि तिचे दोन शॉट लाइन, म्हणजे दिशा ठरवणारी काल्पनिक रेषा, ओलांडून घेतले गेले. रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रण, पाहताना दोघं एकाच दिशेला, एकामागून एक चालताना दिसत होते, पाठलाग होत असल्यासारखे. तिला तर तो मागे आहे हे ठाऊकच नाही. तिसऱ्या रात्री एक शॉट वाढवावा लागला. त्यात ती थेट कॅमेऱ्याकडे येते, ना डावीकडे ना उजवीकडे. असा मधला शॉट टाकला की पुढे दिशा बदललेली चालते. अरुंद जागेत काम असेल तर हा शॉट आधीच यादीत लिहून ठेवावा, पाच मिनिटांत होतो आणि अर्धी रात्र वाचवतो.

आता प्रकाश. या प्रकारात चेहऱ्याची एक बाजू उजेडात आणि दुसरी जवळजवळ काळोखात, हा नेहमीचा मांडणीचा पाया. आकड्यात सांगायचं तर उजेडाची बाजू सावलीच्या बाजूपेक्षा तीन स्टॉप वर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणजे आठास एक. बाहेर चौकात ३०० वॉटचा एक एलईडी साधारण २५ फुटांवर उंच लावला आणि त्याचा प्रकाश खिडकीच्या गजांतून आत सोडला. उजेडाच्या रंगाच्या मापात दिवा ५६०० केल्विनचा, कॅमेरा ४३०० वर, त्यामुळे चांदणं निळसर येतं पण चेहरा निळा पडत नाही. आत कंदील. कंदिलाचा खरा उजेड कॅमेऱ्याला पुरत नाही, म्हणून त्याच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बाजूला, डिमरवर मंद केलेला ४० वॉटचा जुना पिवळा बल्ब बांधला.

पहिल्या रात्री सर्वांत महागडी चूक झाली. तासभर अंधारात काम केल्यावर डोळे सरावतात आणि मॉनिटर उगीचच उजळ दिसू लागतो. ‘अजून डार्क कर’ असं म्हणत दिवे खाली आणले गेले. सकाळी पाहिलं तर सावल्यांमध्ये नुसती मुंग्यांसारखी खळबळ, आणि ती डी.आय.मध्येही, म्हणजे नंतरच्या रंगदुरुस्तीतही, नीट होत नाही. अंधार दाखवायचा म्हणजे अंधारात चित्रित करायचं असं नाही. पुरेसा प्रकाश देऊन, सावल्या नीट राखून चित्रित करायचं आणि नंतर खाली ओढायचं. दुसऱ्या रात्रीपासून डोळ्यांवर विसंबणं बंद केलं आणि वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातला उजेड आकड्यांत मोजणारा आलेख, लावला. चेहऱ्याची उजेडाची बाजू ३५ ते ४०, सावलीची ८ ते १०, त्याखाली काहीही महत्त्वाचं नाही. शिवाय प्रत्येक फ्रेममध्ये कुठेतरी एक लहान, स्वच्छ उजळ जागा ठेवली. पितळी तांब्याची कड, ओल्या फरशीवरची चमक, काचेचा कोपरा. ती नसेल तर काळोख काळा वाटत नाही, करडा वाटतो. चौकातल्या फरशीवर प्रत्येक शॉटआधी दोन बादल्या पाणी टाकायचं कारण तेच. मात्र पाणी २० मिनिटांत सुकायला लागतं आणि कंटिन्युटी, म्हणजे शॉटशॉटमधला सारखेपणा, जाते. एक माणूस याच कामाला लावावा.

लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे लक्ष न दिल्यास सगळी मेहनत वाया जाते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २४ फ्रेम आणि १८० अंशांचं शटर ठेवलं तर साध्या एलईडी दिव्यांखाली चित्रावर पट्टे फिरतात. शटर १७२.८ अंशांवर आणलं की प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याची वेळ बरोबर १/५० सेकंद होते आणि पट्टे जातात. टॉर्चला हा उपाय लागू पडत नाही, कारण तिचा मंद उजेड वेगळ्याच गतीने उघडझाप करत असतो. आम्ही चार टॉर्च कॅमेऱ्यासमोर धरून पाहिल्या. मंद उजेडावर तिघींमध्ये पट्टे आले, पूर्ण उजेडावर एकही लुकलुकली नाही. पूर्ण उजेडावर ठेवून काचेवर पातळ बटरपेपर लावला.

टॉर्च हातात धरली की समोरचं दिसतं, धरणारीचा चेहरा दिसत नाही, आणि थरारात चेहरा हवाच. सुमन जिथे टॉर्च रोखते तिथे, कॅमेऱ्याच्या कडेबाहेर, पांढऱ्या थर्माकोलचा वीतभर तुकडा चिकटवला. तिथून परतलेला उजेड तिच्या गालावर येतो आणि तो खराच वाटतो, कारण तो तिच्याच टॉर्चचा असतो. अशा उजेडात ८५ मिलिमीटरच्या लेन्सचं छिद्र दोनच्या स्टॉपवर, म्हणजे बरंच मोठं, उघडं ठेवलं तर सहा फुटांवर जेमतेम दोन इंच शार्प राहतं. तिने श्वास घेतला तरी डोळे जातात. छिद्र लहान करून २.८ वर आलो आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवली. चित्रात थोडे दाणे चालतात, पाणावलेले डोळे धूसर होणं चालत नाही.

कॅमेऱ्याच्या हालचालींचा प्रत्येक प्रकार प्रेक्षकाला काहीतरी कबूल करतो. खांबाआडून किंवा गजांआडून घेतलेला शॉट म्हणजे कुणीतरी पाहतं आहे. असे शॉट सुंदर दिसतात म्हणून आम्ही पहिल्या यादीत सात ठेवले होते. तक्त्यावर तपासलं तर त्यांपैकी चार वेळा तो माणूस घरात आलेलाच नव्हता. चारही काढले. उरलेल्या तीन शॉटमध्ये कॅमेरा बरोबर त्याच्या उंचीवर, साडेपाच फुटांवर, आणि किंचित श्वासासारखा हलता ठेवला. तिरपी फ्रेम चित्रपटभर एकदाच आहे, तीही आठच अंशांची. ती वीस अंश केली की प्रेक्षक पात्राला विसरून कॅमेऱ्याकडे पाहतो. मागे सरकता सरकता झूम करण्याची युक्ती, जी १९५८च्या ‘व्हर्टिगो’पासून सर्वांना ठाऊक आहे, ती आम्हीही वापरून पाहिली. आठ फुटांच्या ट्रॅकवर, १२ टेकमध्ये, झूम आणि ट्रॉली यांचा मेळ एकदाच बसला. तो टेक उत्तम होता आणि तरीही कापला, कारण त्या क्षणी प्रेक्षकाने सुमनचा विचार सोडून युक्तीचं कौतुक केलं असतं.

उलट सर्वांत उपयोगी पडली रिकामी जागा. सुमन फ्रेमच्या डाव्या तिसऱ्या भागात बसून वही वाचते आहे, उरलेल्या दोन भागांत तिच्या पाठीमागचं अर्धवट उघडं दार आणि काळोख. कॅमेरा तिवईवर, अजिबात हलत नाही. दारात काहीच घडत नाही. पण परसदाराची कडी निघाली आहे हे ठाऊक असल्याने पाहणाऱ्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर थांबत नाहीत, दारावर जाऊन येतात. हा शॉट १६ सेकंदांचा आहे आणि त्याला एका दिव्यापलीकडे काही खर्च नाही. तिला कळेपर्यंत कॅमेरा स्थिर ठेवायचा आणि कळल्यानंतरच हातात घ्यायचा, एवढंच पथ्य आम्ही पाळलं.

पहिल्या रात्री १८ शॉट ठरवले होते, ११ झाले. दिव्याची दिशा बदलली की अर्धा तास जातो. दुसऱ्या रात्रीपासून गोष्टीचा क्रम सोडून प्रकाशाच्या दिशेने क्रम लावला. चौकातला दिवा एका जागी असताना त्या बाजूचे सगळे शॉट, मग दिवा हलवायचा. कलाकाराला हे जड जातं, कारण भीती चढत्या क्रमाने दाखवायची असते. म्हणून प्रत्येक शॉटसाठी सुमनच्या भीतीला एक ते दहा आकडे दिले आणि क्लॅपवर तो आकडा लिहिला. ‘हा सहाचा आहे, मघाचा नऊचा होता’ एवढं सांगितलं की पुरतं.

संकलनात जिन्याच्या प्रसंगावर सर्वाधिक वेळ गेला. ती वर, तो खाली, आळीपाळीने कापायचं आणि शॉट लहान लहान करत न्यायचे, हा सर्वमान्य संकेत. आम्ही तसंच केलं. सात सेकंद, पाच, चार, अडीच, दीड, एक. पाहिलं तर भीती वाढण्याऐवजी ओसरत होती. कारण उघड आहे. गती वाढली की शेवट जवळ आला हे प्रेक्षकाला कळतं आणि तो तयार होतो. मग गती दीडपर्यंत नेली आणि तिथून अचानक थांबवली. ११ सेकंदांचा एक शॉट, फक्त ती तिसरी पायरी, जमिनीलगत ठेवलेल्या कॅमेऱ्यातून. सुमनचे अनवाणी पाय येतात, थांबतात, पायरी ओलांडून पुढे जातात. रिकामी पायरी. मग फ्रेमच्या वरच्या कडेतून एक चप्पल. आम्ही हा शॉट ११ चा १४ केला, तेव्हा लोक हलायला लागले. आठ केला, तेव्हा पायरीची आठवण होण्याआधीच चप्पल आली. आठवायला वेळ लागतो, तेवढा द्यावाच लागतो.

दचका चित्रपटात एकच ठेवला. आधी एक खोटा दचकाही होता, माळ्यावरून उडी मारणारं मांजर. तो काढला. खोटा दचका चालतो, पण त्यानंतर सुटकेच्या श्वासात तीनचार सेकंदांत खरा यावा लागतो, नाहीतर मांजराने फक्त प्रेक्षकाचा विश्वास खाल्ला असं होतं. खऱ्या दचक्याआधी दीड सेकंद रातकिडे, वारा, सगळं हळूच कमी केलं. आवाज चित्राच्या दोन फ्रेम आधी, दोन फ्रेम नंतर आणि त्याच फ्रेमवर, असे तिन्ही प्रकार लावून पाहिले. त्याच फ्रेमवर सर्वांत जोरात बसला.

आवाज हेच या प्रकाराचं खरं शरीर आहे, आणि लहान निर्मितीत त्याच्याकडेच दुर्लक्ष होतं. प्रत्येक खोलीत, सगळ्यांना थांबवून, ६० सेकंदांचा रूमटोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा आवाज, घेतला. माजघराचा, चौकाचा, जिन्याखालचा, तिन्ही वेगळे असतात. स्वयंपाकघरातला फ्रिज बंद करावा लागला. तो पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची चावी त्याच फ्रिजमध्ये ठेवायची, ही जुनी आणि खात्रीची युक्ती. दुसऱ्या रात्री चौकाच्या मागच्या ओढ्यात बेडूक सुरू झाले आणि संवाद खराब झाले. त्यांना थांबवता येत नाही, म्हणून पॅकअपआधी सगळी वाक्यं अंधाऱ्या माजघरात, रजया टांगून, त्याच माइकवर पुन्हा बोलून घेतली. स्टुडिओतल्या डबिंगपेक्षा ती कितीतरी चांगली बसली.

पार्श्वसंगीतातला खोल घुमारा, ४० ते ६० हर्ट्झचा, मोठ्या स्पीकरवर पोटात जाणवतो. लहान चित्रपट बहुतेक जण मोबाइलवर पाहतात आणि मोबाइलच्या स्पीकरला तो घुमारा वाजवताच येत नाही, तिथे नुसती शांतता ऐकू येते. म्हणून त्याच्यावर १५० ते ३०० हर्ट्झमध्ये एक घासल्यासारखा थर चढवला. शेवटचं मिश्रण चांगल्या हेडफोनवर, साध्या टीव्हीवर आणि मोबाइलवर अशा तीन ठिकाणी ऐकून मगच पक्कं केलं. सगळंच मोठं ठेवू नये. शांत भाग दचक्यापेक्षा निदान २० डेसिबल खाली हवा, नाहीतर दचक्याला चढायला जागाच उरत नाही.

गाण्याचा विचारही झाला. आपल्या थरारपटांत कानावर पडणारं गाणं हे भीतीचं साधन म्हणून फार जुनं आहे. राजा परांजपे यांच्या १९६४च्या ‘पाठलाग’मधलं ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ अजून लोकांच्या कानात आहे, आणि त्याच चित्रपटावरून १९६६ साली हिंदीत ‘मेरा साया’ आला. गाणं तिथे ओळखीची खूण म्हणून काम करतं. आवाज ऐकू येतो आणि तो कुणाचा हा प्रश्न मागे लागतो. जर्मन चित्रपटांतले दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांनी १९३१ साली ‘एम’मध्ये हेच काम एका शिट्टीकडून करून घेतलं. खुन्याला त्याच्या शिट्टीवरून ओळखतो तो एक आंधळा फुगेवाला. १४ मिनिटांच्या चित्रपटात गाण्याला जागा नव्हती. ते काम आम्ही जुडग्याला दिलं.

नानाकाकांच्या कनवटीला सातआठ चाव्यांचा पितळी कड्यातला जुडगा आहे. डबा द्यायला ते वाकतात तेव्हा तो वाजतो. बसताना वाजतो. निरोप घेऊन जाताना वाजतो आणि दूर जातो. हा आवाज जागेवर न घेता नंतर वेगळा घेतला. आधी नव्या कुलपांच्या चाव्या वापरल्या, त्या किणकिणत होत्या, पैंजणासारख्या. जुन्या लोखंडी चाव्या जास्त जड निघाल्या, जनावराच्या साखळीसारख्या. शेवटी दोन लोखंडी आणि पाच पितळी चाव्या एका कड्यात घातल्या, कडं तळहातात धरून फक्त मनगट हलवलं आणि माइक आठ इंचांवर ठेवला. त्यात एक ओळखू येण्याजोगी चाल सापडली. दोन ठोके जवळ, मग एक लांब, कारण नानाकाका किंचित लंगडतात. कलाकाराला पहिल्या प्रसंगात तसंच चालायला सांगितलं आणि आवाज त्याच्या पावलांवर बसवला.

रात्रीच्या प्रसंगात तो माणूस जुडगा मुठीत आवळून चालतो, म्हणून सहा मिनिटं काहीच वाजत नाही. सुमन आडण्यापाशी पोहोचते. वही काखेत आहे. आडणा एका हाताने हलत नाही. तिला वही खाली ठेवावी लागते, आणि ती ठेवताना तिचे डोळे जिन्याकडे असतात. ती दोन्ही हातांनी ओढते. लाकूड भिंतीतून इंच इंच बाहेर येतं, दगडावर घासतं. त्या घासण्याआड दोन ठोके आणि मग एक लांब. सुमनचा हात थांबतो. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरच ठेवला, नानाकाकांवर नेला नाही. त्यांचा चेहरा दाखवून चित्रित केलेला शॉट आमच्याकडे होता, चांगलाही होता, पण तो लावला की सुमनआधी प्रेक्षकाला कळायचं आणि इतका वेळ राखलेलं ‘कोण’ भलत्याच हाती पडायचं. तिला आणि प्रेक्षकाला एकाच क्षणी कळलं पाहिजे, एकाच आवाजातून.

कच्चं संकलन आठ जणांना दाखवलं. चर्चा न करता प्रत्येकाला चिठ्ठी दिली. तो माणूस कोण हे कधी कळलं, आणि कळण्याआधी कुणावर संशय होता, एवढे दोनच प्रश्न. निम्म्याहून अधिक जणांनी नानाकाकांवर पहिल्याच प्रसंगात बोट ठेवलं होतं. कारण जुडगा नव्हता, त्यांचं वाक्य होतं. ‘दिवस बरे नाहीत’ म्हणताना कलाकार अर्धा सेकंद वहीकडे पाहत होता आणि आम्ही त्या नजरेवर क्लोज, म्हणजे अगदी जवळचा शॉटही लावला होता. क्लोज काढून टाकला, तो क्षण दोघांच्या कमरेपर्यंतच्या मिड शॉटमध्ये ठेवला. वही फ्रेममध्ये राहिली, नजरही राहिली, पण कुणी बोट धरून दाखवली नाही. पुढच्या चिठ्ठ्यांमध्ये बहुतेकांनी आडण्याची वेळ लिहिली. चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला की ती नजर दिसते, आणि ती दिसायला हवी, नाहीतर शेवट फसवणुकीचा ठरतो.

शेवटचा शॉट बाहेरून आहे. सुमनने वही उचलून दरवाजा ओढून घेतला आहे, बाहेरची कडी लावली आहे आणि परसदाराकडे धावत जाऊन तिथलीही. फटफटतं आहे. बंद दरवाज्याची स्थिर फ्रेम, नऊ सेकंद. दारावर कुणी धडका मारत नाही, तसा एक टेक घेतला होता पण त्याने सगळी भीती बाहेर सांडून गेली. आतून फक्त जुडगा ऐकू येतो, दरवाज्यापर्यंत येणारा. दोन ठोके, एक लांब. मग तो थांबतो, आणि फळीपलीकडून अगदी जवळून, संध्याकाळच्याच प्रेमळ आवाजात ‘सुमे’ एवढंच. काळा पडदा त्या हाकेनंतर १२ फ्रेमांनी येतो. सहा फ्रेमांवर हाक कापल्यासारखी वाटत होती, २४ वर ती काय उत्तर देते याची वाट पाहावीशी वाटत होती.